भाव तोच आहे, गिऱ्हाईक नाही: बाजार पडतो तेव्हा भाड्याच्या फ्लॅटचं काय होतं

मंदीच्या दिवसांत पुण्यात रिसेलचा फ्लॅट विकायला काढणाऱ्याला एजंटाकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "साहेब, भाव तोच आहे, गिऱ्हाईक नाही." या वाक्याचा अर्थ नीट उलगडला तर निम्मा विषय तिथेच समजतो. शेअर पडला की मोबाईलवर लाल आकडा दिसतो. फ्लॅट पडला तर कुठेच काही दिसत नाही. शेजारी मागत असलेली किंमत तीच राहते, बिल्डरच्या फलकावरचा दरही तोच राहतो. फक्त फोन यायचे थांबतात. पूर्वी महिन्याला दहा जण जागा बघून जायचे, आता दोघं येतात, आणि त्यातला एक नुसता अंदाज घ्यायला आलेला असतो. घरांच्या बाजारात आधी व्यवहार आटतात, भाव खूप नंतर हलतो. त्यामुळे आपण तोट्यात आहोत हे मालकाला कळेपर्यंत दोन-तीन वर्षं निघून गेलेली असतात.

साधारण २०१४ ते २०२० या काळात मुंबई-पुण्याच्या बऱ्याच भागांत हेच झालं. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी, मे २०१७ पासून बिल्डरांना शिस्त लावणारा रेरा कायदा, जुलै २०१७ पासून जीएसटी, २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या बड्या वित्त कंपनीचे हप्ते थकल्यानंतर गृहवित्त कंपन्यांकडचा आटलेला पैसा, असे धक्के एकामागून एक बसले. तरी भाव कोसळले असं कुणी म्हणालं नाही. ते जागच्या जागी बसून राहिले. आणि भाड्यासाठी कर्ज काढून फ्लॅट घेतलेल्या माणसाला भाव बसून राहणंही पुरेसं महागात पडतं. ते कसं, हे मला आकड्यांनी दाखवायचं आहे, कारण ही आकडेमोड फ्लॅट घेताना कुणी करून दाखवत नाही. एजंटही नाही, बँकही नाही.

समजा, पगारदार नवरा-बायकोनी राहत्या घराशिवाय दुसरा फ्लॅट घेतला, ६० लाखांचा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ४८ लाख कर्ज आणि १२ लाख खिशातले. पुण्यात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. खिशातून गेले साडेसोळा लाख. व्याज साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली तर हप्ता येतो सुमारे ४१,६५० रुपये.

आता भाडं. अशा फ्लॅटला महिना १६,००० मिळाले असं धरू. दोन भाडेकरूंच्या मध्ये वर्षाला एखादा महिना जागा रिकामी जातेच, म्हणून ११ महिन्यांचे १ लाख ७६ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३० हजार, महापालिकेचा कर १० हजार, एजंटाची दलाली, रंग, गळका नळ, बिघडलेला गिझर यांचे १६ हजार. उरले १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १०,०००. साठ लाखांवर वर्षाला फक्त २ टक्के.

हप्ता ४१,६५०, हातात १०,०००. दर महिन्याला ३१ हजारांहून जास्त रुपये पगारातून घालायचे. भाड्यातून हप्ता निघतो ही आपल्याकडची सर्वांत मोठी समजूत आहे, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या शहरांत ती खरी नाही. इथे घरांच्या किमतीच्या मानाने भाडी फार कमी आहेत. म्हणजे हा फ्लॅट भाड्यासाठी घेतलेला दिसत असला तरी खरी पैज भाव वाढण्यावर लावलेली आहे. ही गोष्ट घेणाऱ्याने स्वतःशी स्पष्ट बोललेली बरी.

तीन वर्षांनी काय होतं ते पाहा. बँकेत सुमारे १५ लाख भरले गेले. पण सुरुवातीच्या हप्त्यांतला मोठा भाग व्याजात जातो, त्यामुळे कर्ज ४८ लाखांवरून ४४ लाख ८७ हजारांवरच आलेलं असतं. पंधरा लाखांतले जेमतेम तीन लाख १३ हजार मुद्दलात, बाकी व्याज. या तीन वर्षांत भाव एक रुपयाने वाढला नाही, एक रुपयाने पडलाही नाही, आणि फ्लॅट ६० लाखांनाच विकला, तर कर्ज फेडून आणि एजंटाचा एक टक्का देऊन साडेचौदा लाख हातात येतात. घातले किती? साडेसोळा आणि पंधरा, त्यातून भाड्याचे उरलेले ३ लाख ६० हजार वजा, म्हणजे जवळपास २८ लाख. तोटा तेरा लाखांच्या वर. भाव न पडता.

आणि भाव २० टक्क्यांनी पडले तर? फ्लॅट ४८ लाखांना जातो. कर्ज आणि दलाली वजा जाता हातात अडीच लाखांच्या आसपास. २८ लाखांतले अडीच लाख. किंमत पडली बारा लाखांनी, पण खिशातून गेले पंचवीस लाख. कर्जाने घेतलेल्या मालमत्तेचं हे गणित भाव चढताना फार गोड लागतं, कारण तेव्हा १२ लाखांच्या जोरावर ६० लाखांवरची वाढ आपली होते. उतरताना तेच गणित उलटं फिरतं. बँकेच्या वाट्याला घसरण येत नाही. सगळी घसरण तुमच्या वाट्यातून कापली जाते. दहा टक्के पडझडीत तुमचे १२ लाख सहावर येतात, वीस टक्क्यांत ते संपतात.

भाव आणि भाडं एका दोरीने बांधलेले नाहीत

इथे पुष्कळ जण एक चूक करतात. बाजार पडला म्हणजे भाडंही पडणार, असं धरून चालतात. तसं नसतं. बाजार कशामुळे पडला यावर भाड्याचं नशीब ठरतं.

व्याजदर चढले म्हणून खरेदी थंडावली असेल, तर ज्यांना घर घेणं परवडत नाही ती मंडळी भाड्यानेच राहतात. विक्रीचं गिऱ्हाईक गेलं, पण तेच भाडेकरू बनून परत आलं. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. त्याच काळात कंपन्यांनी लोकांना ऑफिसात परत बोलावायला सुरुवात केली आणि बाणेर, वाकड, खराडी भागांत भाडी झपाट्याने चढली.

त्याच्या दोन वर्षं आधीचं चित्र बरोबर उलटं होतं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं. हिंजवडीच्या आयटी पार्कमधल्या मुलामुलींना लॅपटॉप देऊन घरी पाठवलं गेलं, ती सोलापूर, लातूर, जळगाव, नागपूरला आपापल्या घरी गेली. काही महिन्यांनी मालकांना फोन यायला लागले, "काका, आम्ही रूम सोडतोय, सामान न्यायला कधी येऊ?" एका खोलीत तिघं राहतील अशा हिशेबाने घेतलेले वनबीएचके, बॅचलर मुलांच्या भरवशावर चालणारे पीजी, सगळे एकदम रिकामे झाले. तिथे माणसंच नव्हती. भाडं हजार रुपयांनी उतरवून काय उपयोग? तेव्हा व्याजदर मात्र तळाला होते, मे २०२० मध्ये रेपो ४ टक्क्यांवर आला होता. स्वस्त कर्जामुळे आणि राज्य सरकारने सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्कात दिलेल्या सवलतीमुळे घरांची विक्री त्याच वर्षअखेरीस चांगली उठली. म्हणजे एकाच वर्षात विक्रीचा बाजार सावरत होता आणि भाड्याचा बाजार झोपलेला होता.

तिसरं कारण आहे जास्तीचा पुरवठा. एखाद्या पट्ट्यात दोन वर्षांत पाच-सात मोठ्या प्रकल्पांचं पझेशन एकदम आलं की भाव आणि भाडं दोन्ही दबतात, शहरात बाकी सगळीकडे तेजी असली तरी. एकाच सोसायटीत तीनशे फ्लॅट असतात, त्यातले शंभर माझ्यासारख्याच माणसांनी भाड्यासाठी घेतलेले, आणि सगळ्यांच्या चाव्या एकाच महिन्यात हातात येतात. तेव्हा शंभर मालक एकाच भाडेकरूच्या मागे लागतात. याचा अंदाज आधी घेता येतो. प्रकल्पांची ठरलेली पूर्णतेची तारीख महारेराच्या संकेतस्थळावर असते. आपल्या फ्लॅटच्या दोन किलोमीटर परिघात पुढच्या दोन वर्षांत किती इमारती उभ्या राहणार, हे एका संध्याकाळी बसून पाहता येतं. मला वाटतं, भाड्यासाठी जागा घेणाऱ्याने करायचं हे सर्वांत उपयोगाचं काम आहे आणि ते क्वचितच कुणी करतं.

पुरवठ्याच्या मंदीत रिसेलवाल्याची आणखी एक कोंडी होते. बिल्डर आपला दर उघडपणे कमी करत नाही, कारण तसं केलं तर आधीचे ग्राहक भांडायला येतील. तो मुद्रांक शुल्क स्वतः भरतो, मॉड्युलर किचन देतो, पार्किंग देतो, पझेशनपर्यंत हप्ता नको म्हणतो. फलकावरचा आकडा तसाच, पण गिऱ्हाइकाच्या हातात पाच-सात लाखांचा फायदा. तुमच्याकडे द्यायला काय आहे? वापरलेला फ्लॅट आणि उतरवलेला भाव. म्हणून मंदीत भाव आधी रिसेलचे पडतात.

मार कधी बसतो

भाव पडले, पण भाडं येतं आहे, पगार चालू आहे, हप्ता जातो आहे, तर त्या पडझडीने त्या दिवशी तुमचं काहीच जात नाही. घराची किंमत कमी झाली म्हणून, हप्ते वेळेवर असताना, बँका सहसा दारात येत नाहीत. घसरणीचा खरा मार बसतो तो विकणं भाग पडतं तेव्हा. आणि विकणं भाग पडतं ते बहुतेक वेळा रोख संपल्यामुळे. अमेरिकेत २००६ नंतर घरांचे भाव देशभर सरासरी पाव भागाहून जास्त पडले, लास वेगाससारख्या शहरात अर्ध्याहून खाली आले. तिथे ज्यांची घरं गेली त्यांना राहायला जागा तर लागतच होती. ती माणसं भाड्याच्या घरांत गेली. लिलावात पडत्या भावाने घरं उचलणाऱ्या कंपन्यांना भाडेकरू शोधावे लागले नाहीत. पडलेला बाजार कुणासाठी संकट आणि कुणासाठी संधी हे हातात रोख कुणाकडे आहे त्यावर ठरलं.

आपल्याकडे अडचण अशी की पगार, भाडं आणि भाव हे तिन्ही एकदम अडचणीत येऊ शकतात. हिंजवडीत नोकरी करणारा माणूस हिंजवडीतच फ्लॅट घेतो, कारण तो भाग त्याला माहीत असतो. भाडेकरूही त्याच उद्योगातला. उद्या आयटीत नोकरकपात झाली तर त्याचा पगार, त्याचं भाडं आणि त्याच्या फ्लॅटचा भाव एकाच झटक्यात धोक्यात येतात. ओळखीच्या भागातली गुंतवणूक सुरक्षित वाटते, आणि नेमकी तीच सगळी अंडी एका टोपलीत ठेवते.

हप्ताही एकजागी राहत नाही. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक वेळा रेपोला, बांधलेली आहेत. ४८ लाखांवर २० वर्षांच्या मुदतीत ७ टक्क्यांनी हप्ता सुमारे ३७,२०० येतो, साडेनऊ टक्क्यांनी ४४,७००. दर चढल्यावर बँकांनी अनेकांचा हप्ता तोच ठेवला आणि मुदत लांबवली, त्यामुळे पुष्कळांना आपलं कर्ज किती वर्षांनी वाढलं याचा पत्ताच नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. तुमच्या कर्जाची उरलेली मुदत बँकेकडून एकदा लेखी मागून पाहाच.

हप्ता ९० दिवस थकला की कर्ज बुडीत खात्यात धरलं जातं, मग कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, पुढे ताबा आणि लिलाव. लिलावातून कर्ज भागलं नाही तर उरलेली रक्कम तुमच्याकडूनच वसूल करता येते. आणि तुमच्या राहत्या घराचं कर्ज वेळेवर चालू असलं तरी या दुसऱ्या फ्लॅटच्या थकबाकीने पत खराब होतेच.

विकायचंच ठरवलं तर

एक गोष्ट खूप जणांना ऐन व्यवहाराच्या वेळी कळते. रेडी रेकनरचा दर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला जागेचा दर, बाजाराबरोबर आपोआप उतरत नाही. समजा फ्लॅटचं रेडी रेकनरनुसार मूल्य ५५ लाख आहे आणि मंदीत गिऱ्हाईक ४८ लाखच द्यायला तयार आहे. मुद्रांक शुल्क ५५ लाखांवरच भरावं लागतं. प्राप्तिकर खातं १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतं, इथे फरक त्याहून जास्त आहे, म्हणून तुम्हाला ५५ लाख मिळाले असंच धरलं जातं. तुमचा खरा तोटा कागदावर सात लाखांनी लहान होतो. शिवाय घेणाऱ्याच्या बाजूला तेच सात लाख त्याचं उत्पन्न समजून त्यावर कर लागू शकतो. हे कळल्यावर चांगलं गिऱ्हाईक मागे फिरतं. म्हणून भाव सांगण्याआधी रेकनरचा आकडा काढून ठेवावा.

दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या फ्लॅटवरचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. तो फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातूनच वजा होतो आणि आठ वर्षं पुढे नेता येतो. शेअर किंवा म्युच्युअल फंडात असा नफा असेल तर तो तोटा तिथे कामाला येतो, ही थोडी दिलासा देणारी बाजू. दरवर्षीच्या व्याजाचं बोलायचं तर, जुन्या करप्रणालीत भाड्याच्या घरावरचा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतो. नव्या प्रणालीत तो पगारातून वजा होतच नाही. दहा वर्षांपूर्वी "टॅक्स वाचतो" म्हणून दुसरा फ्लॅट घेण्यात जो काही अर्थ होता, तो नव्या प्रणालीत गेलेल्यांसाठी जवळजवळ संपला आहे. आमच्या वरच्या उदाहरणात ही वजावट मिळाली तरी तेरा लाखांचा खड्डा जेमतेम दोन लाखांनी बुजतो.

परदेशात राहणाऱ्यांना आणखी एक गाठ पडते. तुम्ही अनिवासी भारतीय असाल तर तोट्यात विकतानाही खरेदीदार सहसा पूर्ण विक्री रकमेवर टीडीएस कापतो, कारण नफा किती हे त्याला ठरवता येत नाही. कमी दराचं प्रमाणपत्र करखात्याकडून आधी काढून घेतलं नसेल तर मोठी रक्कम विवरणपत्र भरून परतावा मिळेपर्यंत अडकते.

ठेवायचं ठरवलं तर

मग सगळं लक्ष भाडेकरूवर. मंदीत भाडेकरू येतो आणि म्हणतो, "काका, समोरच्या बिल्डिंगमध्ये पंधराला मिळतंय." मालकाचा अहंकार दुखावतो. हिशेब करा. हजार रुपये कमी केले तर अकरा महिन्यांत अकरा हजार गेले. तो सोडून गेला आणि जागा एक महिना रिकामी राहिली तर सोळा हजार गेले, वर नव्या भाडेकरूची दलाली आणि रंगाचा खर्च. मंदीत जागा एका महिन्यात भरतेच असंही नाही. वेळेवर भाडं देणारा, जागा नीट ठेवणारा भाडेकरू असेल तर हजार रुपयांसाठी त्याला जाऊ देऊ नये. दरवर्षी ५ ते १० टक्के वाढीचं कलम करारात असतं म्हणून ते मंदीतही लावायचं, हा हट्ट महागात पडतो.

डिपॉझिटचं मात्र मनापासून सांगतो. ते आपलं नसतं. तेजीत जुना भाडेकरू गेला की नव्याच्या डिपॉझिटमधून त्याचे पैसे देता येतात, म्हणून पुष्कळ मालक ते खर्च करून टाकतात. २०२० मध्ये जुने गेले आणि नवे आलेच नाहीत. लाख-दीड लाख परत करायला मालकांना मुदत ठेवी मोडाव्या लागल्या, काहींनी पोरांना महिनोन्‌महिने ताटकळत ठेवलं. ज्यांची नोकरी गेली होती त्यांचे पैसे अडवणं वाईटच होतं. मुंबईत हेवी डिपॉझिट घेऊन जवळजवळ बिनभाड्याने जागा देणाऱ्यांवर तर हा बोजा कितीतरी मोठा असतो. डिपॉझिट वेगळ्या खात्यात ठेवावं, आणि त्याशिवाय किमान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असावेत. आमच्या उदाहरणात ते अडीच लाख होतात. एवढे पैसे नसतील तर फ्लॅट घेण्याआधी ते साठवावेत.

आणि भाडं उतरवलंत तर ते तोंडी ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी करून तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर, दुसरं सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या मानल्या जातात. "सहा महिने पंधरा हजार दे, मग सोळा" असं फोनवर ठरलेलं असतं, सातव्या महिन्यात दोघांच्या आठवणी वेगळ्या निघतात. आता लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, एजंट बोटांचे ठसे घ्यायला यंत्र घेऊन घरी येतो. नवा दर आणि तो कोणत्या महिन्यापासून बदलणार, दोन्ही त्या करारात लिहून घ्या.